पौंडाचे रुपये किती वेळा करायचे?

बडोद्याच्या एका वाचक बाईंचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा आशय असा: वय एकसष्ट, शाळेतली नोकरी संपलेली, यजमानही निवृत्त. मुलगा आणि सून लंडनच्या वायव्येकडील हॅरो भागात, एका बेडरूमच्या भाड्याच्या घरात राहतात. आई-बाबांनी महिनाभर राहायला यावे असा दोघांचा आग्रह आहे आणि तिकिटे आम्ही काढतो असेही मुलगा म्हणतो. यजमानांना ते मुळीच मान्य नाही. मुलाच्या पैशाने फिरायचे नाही हा त्यांचा बाणा आहे. पण स्वतः खर्च करायचा म्हटले की समोर आलेल्या प्रत्येक किमतीचे रुपये करून ते विषयच बंद करतात. पाच लाखांची एक ठेव या वर्षी परिपक्व होते आहे आणि सगळे त्यातच बसले पाहिजे, अशी त्यांची अट आहे. दांडिया बाजारातल्या जाऊबाई सांगतात की युरोपसह लंडन दाखवणाऱ्या सहलीबरोबर जा आणि शेवटचे दोन-तीन दिवस मुलाकडे काढा. बहीण सांगते की महिन्याभराचे खाणे बरोबर न्या आणि बाहेर एक पैसाही खर्चू नका. मुलाच्या लहान घरात अडचण नको म्हणून बाईंच्या स्वतःच्या मनात स्वस्तातल्या हॉटेलचा विचार घोळतो आहे. त्या विचारतात: "एवढ्या महागड्या शहरात आमच्यासारख्यांनी जावेच का? गेलो, तर मुलावर भार न टाकता आणि मन न मारता कसे राहावे? आणि परत येताना सगळ्यांसाठी काय आणावे?"

सप्रेम नमस्कार.

जावे. पाच लाखांत हे जमण्यासारखे आहे, आणि ते कसे, हे आकड्यांनिशी पुढे मांडतो. पण तुमचे पत्र पुन्हा पुन्हा वाचल्यावर मला असे वाटते की लंडनच्या महागाईचा प्रश्न तुमच्या घरात जितका मोठा झाला आहे तितका तो मुळात नाही. मुलाशी पैशाविषयी मोकळेपणाने बोलणे झालेले नाही, आणि त्या न झालेल्या बोलण्याची जागा पौंडाच्या भावाने घेतली आहे. म्हणून आधी हिशेब आणि मग मुलगा, अशा क्रमाने लिहितो.

तुमच्या यजमानांची रुपये करण्याची सवय मला समजते. ज्याने आयुष्यभर पगारात घर चालवले त्याला ती सुटत नाही, आणि सुटूही नये. माझे म्हणणे एवढेच आहे की हा गुणाकार एकदा, घरी बसून, पूर्ण करावा आणि मग महिनाभर करू नये. कारण लंडनमधल्या किमतीची तुलना बडोद्यातल्या किमतीशी केली की तिथली प्रत्येक गोष्ट सारखीच अवाजवी वाटू लागते, आणि तिथल्या मानाने स्वस्त काय आणि महाग काय, हे ओळखण्याची क्षमताच जाते. उदाहरण देतो. लंडनच्या बसचे भाडे २०२५ मध्ये १.७५ पौंड होते. रुपयांत ते दोनशेच्या पुढे जाते, आणि बडोद्याच्या बसशी तुलना केली तर कोणीही कपाळाला हात लावील. प्रत्यक्षात शहरात फिरण्याचा त्याहून स्वस्त मार्ग म्हणजे स्वतःचे पाय. उलट हीथ्रो विमानतळावरून पॅडिंग्टनला पंधरा मिनिटांत नेणाऱ्या हीथ्रो एक्स्प्रेसचे ऐन वेळी काढलेले तिकीट २५ पौंडांच्या घरात पडते, आणि त्याच विमानतळावरून भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन तासाभरात मध्य लंडनला पोहोचवते, तीही २०२५ च्या दराने सहा पौंडांच्या आत. वाचवण्यासारखा फरक इथे आहे. सगळ्याचेच रुपये करणारा माणूस चहा टाळतो, बस टाळतो, मैलभर चालतो आणि संध्याकाळी गुडघे धरून टॅक्सी बोलावतो. त्या एका टॅक्सीत दिवसभराची काटकसर वाहून जाते.

तेव्हा हिशेब असा करा. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, तुम्ही निघताना खरे आकडे घाला. दोघांची विमानाची तिकिटे दीड ते पावणेदोन लाख. व्हिसाचे शुल्क माणशी १२७ पौंड. सहा महिन्यांच्या भेटीच्या व्हिसाचा हा एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेला दर होता आणि तो अधूनमधून वाढतो, म्हणून अर्जाच्या दिवशी पुन्हा पाहावा. पौंडाचे एकशेवीस रुपये धरले तर दोघांचे साधारण साडेतीस हजार झाले. प्रवासविमा, बोटांचे ठसे देण्यासाठी अहमदाबादची फेरी, मुंबईपर्यंतची रेल्वे, थोडे गरम कपडे, असे सगळे धरून निघण्याआधीचा खर्च अडीच लाखांच्या आसपास थांबतो. उरलेल्या अडीच लाखांपैकी पंचाहत्तर हजार बाजूला ठेवा आणि ते नाहीतच असे समजा. राहिले पावणेदोन लाख, म्हणजे साडेचौदाशे पौंडांच्या आसपास. अठ्ठावीस दिवसांनी भागले तर दोघांना मिळून दिवसाला बावन्न पौंड येतात. इथे रुपयांचे काम संपले. यापुढे यजमानांनी चार पौंडांच्या कॉफीचे चारशे ऐंशी रुपये करायचे नाहीत. आजच्या बावन्नमध्ये ती बसते की नाही, एवढेच पाहायचे. बसत असेल तर प्यावी. नसेल तर घरी जाऊन चहा करावा, तोही वाईट नसतो.

राहायचा खर्च शून्य धरला आहे म्हणून हे बावन्न पौंड ऐसपैस दिसतात, आणि नेमक्या याच ठिकाणी तुमचे गृहीत मला तपासून पाहावेसे वाटते.

मुलाचे घर फुकट नाही. तुम्ही पैसे देत नाही एवढाच त्याचा अर्थ आहे. एका बेडरूमच्या घरात चार माणसे महिनाभर राहणार म्हणजे काय होईल, हे डोळ्यांसमोर आणा. मुलगा-सून आपली खोली तुम्हाला देतील, स्वतः बैठकीतल्या सोफ्यावर झोपतील आणि सकाळी कामावर जातील. कदाचित दोघांपैकी एकजण आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करत असेल आणि त्याचे कामाचे टेबल त्याच बैठकीत असेल. तुम्ही पत्रात 'मुलावर भार' असा शब्द वापरला आहे आणि तुमच्या दोघांच्या मनात त्याचा अर्थ पौंड असाच आहे. मला वाटते, त्या दोघांवर पडणारा खरा भार झोपेचा आणि एकांताचा असेल, आणि त्याविषयी ते तुमच्याकडे कधीच तक्रार करणार नाहीत. सूनबाई तर नाहीच नाही. म्हणून तिकीट शोधण्याआधी सूनबाईंना स्वतंत्र फोन करा आणि सरळ विचारा की आम्ही किती दिवस राहिलो तर तुम्हाला दोघांना सोयीचे होईल. 'कितीही दिवस राहा' असे उत्तर आले तर ते उत्तर मानू नका. 'तुझ्या आई-बाबांना किती दिवस बोलावशील?' असा पुढचा प्रश्न विचारा. घरमालकाशी झालेल्या करारात पाहुण्यांविषयी काही अट आहे का, हेही मुलाने पाहून ठेवावे.

महिनाच राहिले पाहिजे, हे कोणी ठरवले? तिकिटाला एवढे पैसे घातले तर ते वसूल झाले पाहिजेत, असा विचार त्यामागे असावा. विमानाचे भाडे अठरा दिवसांना आणि अठ्ठावीस दिवसांना जवळपास सारखेच पडते हे खरे आहे. पण अठरा दिवस राहिलात तर तेच साडेचौदाशे पौंड दिवसाला ऐंशीवर जातात, आणि ऐंशी पौंडांत एखाद्या दिवशी चौघांनी बाहेर जेवणेही बसते. मुलाला सुट्ट्या किती मिळतात तेही विचारा. तो दहा दिवस मोकळा असेल तर त्या दहा दिवसांच्या भोवती भेट बेतावी. तो दिवसभर कामावर आणि तुम्ही दोघे परक्या उपनगरात खिडकीशी, असे वीस दिवस काढण्यात कोणाचाही फायदा नाही.

महिनाच राहायचे ठरले, तर मधले चार-पाच दिवस दुसरीकडे राहा. हॉटेलचा तुमचा विचार मला याच कारणासाठी अर्धा पटतो. अर्धा अशासाठी, की स्वस्त म्हणून तुम्ही शोधाल ते हॉटेल शहराच्या कडेला असणार, आणि शहराच्या कडेला तुमच्या मुलाचे घर आहेच. राहायचेच तर मध्यभागी राहावे. लंडनमधली अनेक विद्यापीठे उन्हाळी सुटीत विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतल्या खोल्या प्रवाशांना देतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची वसतिगृहे त्यांत आहेत आणि त्यांतली काही अगदी मध्यवर्ती भागात आहेत. खोली साधी, कधी न्हाणीघर सामाईक. पण स्वच्छ, आणि त्याच भागातल्या हॉटेलच्या मानाने बरीच स्वस्त. त्या चार दिवसांत पायी फिरता येईल ते सगळे पाहून घ्यावे. तेवढे दिवस मुला-सुनेला त्यांचे घर परत मिळते, आणि हे कारण त्यांना सांगायची गरजही नाही.

आता यजमानांचा बाणा. त्यांना माझ्या वतीने विचारा की मुलगा पहिल्या पगारातून तुमच्यासाठी काही घेऊन आला तेव्हा तुम्ही ते परत केले होते का. आई-बाबांना आपले शहर दाखवावे, त्यासाठी आपले चार पैसे जावेत, ही मुलाची हौस आहे, आणि ती पूर्णपणे नाकारणे म्हणजे त्याला अजून विद्यार्थी समजणे. पण त्याने सगळेच करावे हेही तुमच्या घराला मानवणार नाही, हे मला मान्य आहे. म्हणून वाटणी करा, आणि ती निघण्याआधी करा. तिकिटे, व्हिसा, विमा आणि तुमचे रोजचे फिरणे तुमच्याकडे. आठवड्याचा किराणा तुमच्या कार्डावर. वेंब्लीच्या ईलिंग रोडवर गेलात तर भाजीवाल्याशी गुजरातीत बोलून यजमान खूश होतील. एखादी मोठी सहल आणि एक-दोन बाहेरची जेवणे मुलाकडे, आणि त्या वेळी पाकिटाला हात लावायचा नाही. गल्ल्यावर उभे राहून 'राहू दे, मी देतो' अशी ओढाताण आपल्याकडे प्रेमाची समजली जाते. रोज झाली की तिचा वैताग येतो, आणि मागे रांगेत उभे असलेले लोक पाहत असतात ते वेगळेच.

जाऊबाईंच्या सल्ल्याविषयी थोडक्यात. सहल कंपनीबरोबर जाणे वाईट नाही; ज्यांचे तिथे कोणी नाही किंवा ज्यांना एकट्याने वाट शोधण्याची धास्ती वाटते त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. परंतु युरोप जोडला की शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांसाठी मिळून असलेला व्हिसा, वेगळा काढावा लागतो, कारण ब्रिटन शेंगेन गटात नाही, आणि लंडनच्या वाट्याला येतात जेमतेम दोन दिवस, तेही बसच्या खिडकीतून. पॅकेजवर टीसीएस (सहल कंपनी आगाऊ गोळा करते तो कर) म्हणून जी रक्कम कापली जाते ती विवरणपत्र भरल्यावर करातून वजा होते किंवा परत मिळते, त्यामुळे तिला खर्च समजू नका. काही महिने ती अडकून मात्र राहते. तुम्हाला मुलगा पाहायचा आहे. त्यासाठी सात देशांची बस कशाला?

तिकिटाच्या बाबतीत हंगाम हा सर्वांत मोठा मुद्दा आहे. जुलै-ऑगस्ट आणि नाताळ हे महागाईचे दिवस. एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे, किंवा मग सप्टेंबर-ऑक्टोबर, हे दिवस तुम्हाला सोयीचे. मे महिन्यात रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. त्याच तिकिटात मे महिना तुम्हाला दिवसाचे कितीतरी तास जास्त देतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथल्या शाळा उघडलेल्या असतात आणि वसतिगृहांच्या खोल्या बहुधा अजून मिळत असतात, म्हणून एरवी मी तोच काळ सुचवला असता. पण घरी गणपती बसत असेल आणि तो दिराकडे सोपवण्याची तुमची तयारी नसेल, तर आग्रह करत नाही. लंडनच्या महाराष्ट्र मंडळातही गणेशोत्सव होतो. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाची स्वतःची वास्तू आहे आणि ती हॅरोपासून फार लांब नाही. हे यजमानांच्या कानावर घालून पाहा.

तिकीट निवडताना विमानतळ ते विमानतळ असा भाव न पाहता बडोद्याचे दार ते हॅरोचे दार असा पाहा. अहमदाबाद तुम्हाला जवळ आहे. पण तिथून मिळणारे स्वस्त विमान गॅटविकला उतरत असेल, तर तो विमानतळ लंडनच्या दक्षिणेला आणि तुमचा मुलगा वायव्येला. अख्खे शहर ओलांडण्याचे भाडे आणि सामानासकट दोन तास त्या तिकिटात मिळवा. मुंबईहून हीथ्रोला उतरलात तर मुंबईपर्यंतची रेल्वे आणि टॅक्सी मिळवा. मात्र हीथ्रोहून हॅरो जवळ आहे. हीथ्रो एक्स्प्रेस तुम्हाला मध्य लंडनला नेऊन सोडील आणि तिथून उलटे यावे लागेल. त्यापेक्षा सुपरलूप या जलद बससेवेची एसएल-९ ही बस हीथ्रोहून हॅरोला जाते, आणि तिचे भाडे तेच साध्या बसचे आहे. चार मोठ्या बॅगा घेऊन बसमध्ये चढणे जमणार नसेल तर त्या दिवशी मुलाला टॅक्सी करू द्या. अठरा तासांच्या प्रवासानंतर काटकसरीचा पहिला धडा गिरवू नये.

आता रोजच्या फिरण्याचे. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. संपर्करहित (काँटॅक्टलेस) बँक कार्ड किंवा ऑयस्टर हे आधी पैसे भरून ठेवायचे प्रवासाचे कार्ड यंत्राला लावायचे. दोघांना दोन वेगळी कार्डे हवीत, एका कार्डावर दोन माणसे जाता येत नाहीत. भुयारी रेल्वेत शिरताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड लावावे. एकदा कार्ड आणि एकदा फोन लावला तर यंत्र त्यांना दोन वेगळे प्रवासी समजते आणि दोघांकडून जास्तीत जास्त भाडे घेते. बसमध्ये फक्त चढताना लावायचे. पहिल्यांदा लावल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडे एकदाच लागते, आणि दिवसभर फक्त बसनेच फिरलात तर २०२५ च्या दराने ५.२५ पौंडांनंतर पुढचे सगळे फुकट. रेल्वेलाही अशीच रोजची कमाल मर्यादा आहे. ती विभागांनुसार बदलते आणि आपोआप लागू होते, म्हणून वेगळा पास काढण्याच्या फंदात पडू नये. हॅरोहून मध्य लंडनपर्यंत बसने जाणे म्हणजे अर्धा दिवस घालवणे; त्यामुळे मेट्रोपॉलिटन लाइनने शहरात जावे आणि तिथे बसने फिरावे. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते संध्याकाळी सात ही गर्दीची, अधिक भाड्याची वेळ. निवृत्त माणसांनी तेव्हा घराबाहेर पडायचे कारणच नाही. जेवण करून दहाला निघावे.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत तुम्ही शोधाल, म्हणून सांगतो: साठीनंतर मिळणारे मोफत प्रवासाचे कार्ड लंडनच्या रहिवाशांनाच मिळते, पाहुण्यांना नाही. आपल्याकडेही रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली, तेव्हा यजमानांना हा धक्का नवीन नसेल.

बहिणीच्या सल्ल्यातला अर्धा भाग कायद्यानेच निकालात काढला आहे. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःच्या सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड आणि घरचे तूप विमानतळावरच राहील. कढीपत्ता, भाज्या, आंबे यांच्याही भानगडीत पडू नका. लीलो चेवडो, भाकरवडी, मेतकूट, मसाले खुशाल न्या, पण बेताने, कारण हॅरो आणि वेंब्ली भागात गुजराती दुकाने इतकी आहेत की सेव-उसळीचे सामानही तिथे जमवता येईल. बाहेर एक पैसाही खर्चू नये हा भाग मात्र मला मान्य नाही. दुपारची पोळी-भाजी डब्यात घेऊन बागेतल्या बाकावर खाणे तिथे कोणाला वावगे वाटत नाही, नळाचे पाणी पिण्याजोगे असते म्हणून बाटली भरून न्यावी, आणि डबा केला नाही त्या दिवशी सुपरमार्केटात सँडविच, पेय आणि खाऊ मिळून एका किमतीत मिळतो. या तीन गोष्टींनी जे वाचेल त्यातून आठवड्यातून एकदा चौघांनी नीट बसून जेवावे. बिलात बहुधा साडेबारा टक्के सेवाशुल्क धरलेले असते. ते ऐच्छिक असेल तर तसे बिलावर लिहिलेले असते, आणि सेवा आवडली नाही तर ते काढायला सांगण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

पाहण्यासारखे तर इतके फुकट आहे की तिकीट लावलेल्या जागा निवडून दोनच ठेवाव्यात. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, आणि साउथ केन्सिंग्टनला शेजारी शेजारी असलेली विज्ञान, निसर्गेतिहास आणि व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट ही संग्रहालये, यांच्या कायम दालनांना तिकीट नाही. राष्ट्रीय संग्रहालयांचे प्रवेशशुल्क डिसेंबर २००१ मध्ये सरसकट उठले. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ व्हिक्टोरिया अँड आल्बर्टमध्ये आहे. एका दिवसात एकच संग्रहालय घ्या. तीन केलीत तर तिसऱ्यात फक्त बाके आठवतील. वेस्टमिन्स्टर ॲबीला पर्यटक म्हणून जाण्याचे तिकीट महाग आहे, पण संध्याकाळच्या सामूहिक प्रार्थनेला कोणालाही विनाशुल्क बसता येते. आत हिंडता येत नाही, गायन ऐकता येते. नीसडनचे १९९५ मध्ये बांधून पूर्ण झालेले स्वामिनारायण मंदिर तुमच्या वाटेवरच आहे. आणि किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर चुकवू नका. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला शिकायला गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनच्या या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. बडोद्याच्या माणसाने सयाजीबागेजवळची, बाबासाहेबांच्या स्मृतीची संकल्पभूमी आणि हे घर दोन्ही पाहिलेली असावीत, असे मला वाटते.

ज्यात काटकसर करायची नाही अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे विमा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत परदेशी पाहुण्याला तातडीच्या विभागात मिळालेल्या उपचाराचे पैसे पडत नाहीत, पण रुग्णालयात दाखल केले की बिल सुरू होते आणि ते सेवेच्या ठरलेल्या दराच्या दीडपट असते. तुमच्या बाजूला ठेवलेल्या पंचाहत्तर हजारांना ते एका दिवसात पुरून उरेल. विमा घेताना रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, जे असेल ते लिहून द्या, हप्ता वाढला तरी चालेल. लपवलेल्या आजारावर दावा नाकारला जातो. औषधे मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्तीची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

पैशाच्या व्यवहारात तीन ठिकाणी गळती होते. आपल्याकडची साधी कार्डे परदेशी व्यवहारावर बहुधा दोन ते साडेतीन टक्के जास्त घेतात आणि त्या आकारावर जीएसटीही लागतो. म्हणून खर्चाचा मोठा भाग फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकी चलन आधीच भरून ठेवायच्या कार्डावर, पौंडांत भरून घ्यावा. दुकानातले यंत्र 'रुपयांत देता की पौंडांत?' असे विचारते, तेव्हा नेहमी पौंड निवडावा, रुपयांचा दर ते आपल्या सोयीने लावते. तिसरी गळती आपल्याच कपाटात असते: पूर्वी कोणा नातेवाइकाने दिलेल्या पौंडांच्या नोटा. कागदी नोटा आता चलनात नाहीत. वीस आणि पन्नासच्या शेवटच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालेनाशा झाल्या. त्या बँक ऑफ इंग्लंड बदलून देते, पण त्यासाठी वेळ काढावा लागतो. तुमच्या पाकिटात प्लास्टिकच्याच नोटा आहेत ना, हे निघण्याआधी पाहा.

क्रमाविषयी एक सांगायचे राहिले. व्हिसाचा निर्णय येईपर्यंत परत न मिळणारी तिकिटे काढू नका. ब्रिटनचे सरकारही अर्जदारांना हेच सांगते. अर्जासोबत मुलाचे निमंत्रणपत्र, त्याच्या घराचे कागद आणि तुमचे निवृत्तिवेतन व ठेवी दाखवणारी बँकेची पाने पुरतात. खर्च कोण करणार याविषयी अर्जात एक आणि मुलाच्या पत्रात दुसरेच, असे होऊ देऊ नका. वर सांगितलेली वाटणी आधी ठरवायची ती याहीसाठी. ठसे देण्याच्या केंद्रावर जास्तीच्या सेवा पुढे केल्या जातात. त्या ऐच्छिक असतात, घाई नसेल तर नको म्हणावे.

भेटवस्तूंचे म्हणाल तर पर्यटकांना खरेदीवरचा कर परत मिळण्याची सोय तिथे १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली आहे, त्यामुळे 'तिथे स्वस्त पडते' असे कोणी सांगितले तरी विश्वास ठेवू नका. चॉकलेटेही आता बडोद्यात, अलकापुरीत तीच मिळतात. साडेचौदाशेतले साठ पौंड आधीच वेगळे काढा, नावांची यादी करा आणि संग्रहालयांच्या दुकानांतून पाच-सात पौंडांच्या आतल्या, वजनाला हलक्या वस्तू घ्या. साठ पौंड संपले की यादीही संपली, आणि ती यादी जाऊबाईंच्या नावापासून सुरू करा.